विस्तीर्ण विक्रीगृहांची रचना : मोकळा अंतर्भाग व दिवसाचा प्रकाश

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य स्थापत्यात जे नवे इमारतप्रकार उदयास आले, त्यांमध्ये रेल्वेस्थानके व प्रदर्शनमंडप यांच्या बरोबरीने मोठ्या विक्रीगृहांची गणना करावी लागते. एकाच छपराखाली नाना प्रकारचा माल मांडावयाचा, त्याच्या किमती आधीच निश्चित करून लिहून ठेवावयाच्या, आणि ग्राहकास कोणताही आग्रह न करता तो माल मनसोक्त पाहू द्यावयाचा, ही व्यापाराची पद्धत त्या काळी नवी होती. जुन्या दुकानात दुकानदार माल आतून काढून ग्राहकापुढे ठेवीत असे. नव्या विक्रीगृहात ग्राहकच मालापर्यंत चालत जाऊ लागला. त्यामुळे दुकानाच्या इमारतीकडून दोन नव्या अपेक्षा निर्माण झाल्या. पहिली, अंतर्भाग भिंतींनी तुटलेला नसावा. दुसरी, त्या विस्तीर्ण अंतर्भागात कोठेही उभे राहिले तरी वस्तू स्पष्ट व तिच्या खऱ्या रंगात दिसावी.

ह्या दोन अपेक्षा वरवर पाहता स्वतंत्र वाटतात. परंतु रचनेच्या दृष्टीने त्या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. इमारत जितकी विस्तीर्ण, तितका तिचा मध्य प्रकाशापासून दूर. म्हणून मध्यभागी प्रकाश आणावयाचा तर इमारतीत कोठे तरी पोकळी ठेवावी लागते; आणि एकदा पोकळी ठेवली की तिच्यातून केवळ प्रकाशच येत नाही, तर उष्णताही येते आणि प्रसंगी आग व धूरही वाहतो. ह्या पोकळीचे आकारमान, तिची दिशा व तिचे छत यांचा निर्णय हाच विक्रीगृहाच्या रचनेतील मुख्य निर्णय होय, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

बाजूच्या खिडकीतून आलेला प्रकाश खोलीत फार आत पोचत नाही, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचे कारण भूमितीचे आहे. खोलीतील एखाद्या जागी पडणारा दिवसाचा प्रकाश मुख्यतः त्या जागेवरून आकाशाचा किती भाग दिसतो ह्यावर अवलंबून असतो. खिडकीपासून जसजसे दूर जावे तसतसा हा भाग लहान होत जातो आणि क्षितिजाकडे सरकतो. त्यामुळे टेबलाच्या आडव्या पृष्ठभागावर येणारे किरण अधिकाधिक तिरके पडतात. व्यवहारात असा संकेत आहे की खिडकीच्या माथ्याची जमिनीपासून जी उंची असेल, तिच्या सुमारे दोन ते अडीच पट अंतरापर्यंतच कामापुरता प्रकाश पोचतो. माथा ४ मीटरवर असल्यास ही मर्यादा ८ ते १० मीटर येते.

ह्याचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ६० मीटर लांब व ६० मीटर रुंद असे एक विक्रीगृह कल्पावे. चारही भिंतींना अखंड खिडक्या ठेवल्या व प्रत्येक बाजूने १० मीटरपर्यंत प्रकाश पोचला, तरी मध्ये ४० मीटर लांब व ४० मीटर रुंद असा चौरस अंधारात राहतो. एकूण ३६०० चौरस मीटरांपैकी १६०० चौरस मीटर, म्हणजे ४४ टक्के क्षेत्र, दिवसाउजेडीही दिव्यांवर अवलंबून राहील. प्रत्यक्षात स्थिती याहून वाईट असते. कारण बाहेरच्या भिंतींलगत कपाटे व रस्त्याच्या बाजूस मालाची मांडणी येऊन खिडक्यांचा बराच भाग झाकला जातो.

ह्या अडचणीतून सुटण्याचे तीन मार्ग आहेत. इमारतीच्या मध्यभागी, वाड्याला चौक असतो त्याप्रमाणे, काचेने आच्छादिलेला चौक ठेवावयाचा, हा पहिला. इमारत अरुंद पट्ट्यांत विभागून पट्ट्यांमधील गल्ल्यांवर काच घालावयाची, हा दुसरा. मजलेच न चढविता सर्व विक्री एका उंच छपराखाली करावयाची व प्रकाश छपरातून घ्यावयाचा, हा तिसरा. पॅरिसच्या विक्रीगृहांनी पहिला मार्ग अवलंबिला, मॉस्कोच्या बाजारपेठेने दुसरा, आणि भाजीपाल्याच्या मंडयांनी बहुधा तिसरा.

२. पॅरिस : लोखंड, काच व चौक

पॅरिसमध्ये आरिस्तीद बूसिको हा १८५२ साली 'बाँ मार्शे' ह्या दुकानाचा भागीदार झाला, आणि १८६९ मध्ये त्याने दुकानाच्या नव्या इमारतीची पायाभरणी केली. टप्प्याटप्प्याने वाढत गेलेली ही इमारत १८८७ मध्ये पूर्ण झाली. १८७० नंतरच्या टप्प्यांत वास्तुशिल्पी लुई-शार्ल ब्वालो व अभियंता आर्मां म्वाझां यांनी तिच्या अंतर्भागास जे रूप दिले, ते पुढील अनेक विक्रीगृहांना आदर्शवत ठरले. बाहेरून इमारत दगडी; आत मात्र लोखंडी खांब, लोखंडी तुळया, मध्ये काचेच्या छताचे चौक, चौकांभोवती मजल्यामजल्यांचे सज्जे, आणि सज्ज्यांना जोडणारे पूल व जिने.

लोखंडाचे महत्त्व येथे दुहेरी आहे. दगडी वा विटांच्या बांधकामात वरच्या मजल्यांचा भार जाड भिंतींनी पेलावा लागतो. त्या भिंती जागा खातात, दृष्टी अडवितात व प्रकाशही अडवितात. लोखंडी खांब तोच भार अत्यंत थोड्या जागेत पेलतो. शिवाय लोखंडाच्या बारीक पट्ट्यांवर काच बसविता येत असल्याने छत हेच खिडकी बनू शकते. ह्या तत्त्वाचा प्रत्यय पॅरिसकरांना आधीच आला होता. नगराच्या मध्यवर्ती घाऊक मंडईसाठी व्हिक्तॉर बाल्तार याने प्रथम दगडी मंडप बांधावयास घेतला होता. तो जड व कोंदट ठरून नापसंत झाला आणि पाडावा लागला. त्यानंतर त्याच बाल्तारने लोखंडाचे हलके, हवेशीर मंडप उभारले. ते १९७० नंतरच्या पाडकामापर्यंत उभे होते, आणि त्यांपैकी एक मंडप आजही नोझां-स्यूर-मार्न येथे हलवून जतन केलेला आहे.

व्यापाऱ्यांना दिवसाच्या प्रकाशाची इतकी निकड का वाटावी, ह्याचे उत्तर मालाच्या स्वरूपात आहे. ह्या दुकानांचा मुख्य माल कापड होता. त्या काळचा कृत्रिम प्रकाश गॅसच्या ज्योतीचा. तो पिवळसर, उष्ण व आगीचे भय बाळगणारा. त्या प्रकाशात निळा व काळा किंवा पांढरा व दुधी ह्या छटांतील भेद ओळखणे कठीण जाते. किंमत ठरलेली व घासाघीस बंद, अशा व्यवहारात ग्राहकाची खात्री पटावयाची ती मालाच्या दर्शनानेच. त्यामुळे वरून येणारा पांढरा, पसरलेला प्रकाश ही शोभा नव्हती. नव्या व्यापारपद्धतीची ती गरज होती. एमील झोला याने १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीत अशाच एका विक्रीगृहास मध्यवर्ती स्थान दिले. शेजारच्या जुन्या, अंधाऱ्या दुकानांचा ऱ्हास हाही त्या कथेचा एक मोठा भाग आहे.

पुढील काळात हा प्रकार अधिक भव्य होत गेला. १८८१ मध्ये 'प्रँताँ' हे दुकान आगीत भस्मसात झाल्यावर पोल सेदीय याने ते काचछताच्या विशाल दालनासह पुन्हा उभारले. फ्रान्त्स झूर्दँ याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात 'सामारितेन' बांधताना केवळ छतावर समाधान न मानता मजल्यांच्या काही भागांतही काचेच्या लाद्या घातल्या, जेणेकरून वरचा प्रकाश खालच्या मजल्यावर झिरपावा. १९१२ मध्ये पूर्ण झालेल्या 'गालरी लाफायेत'चा रंगीत काचेचा घुमट जमिनीपासून ४३ मीटर उंच आहे. तथापि रंगीत काच बराचसा प्रकाश शोषून घेते व उरलेल्यास रंग देते. कापडाचा खरा रंग दिसावा म्हणून आणलेला चौक येथे वैभवाचे साधन बनला, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे. अर्थात तोवर विजेचे दिवे आले होते व कापड पाहण्याचे काम त्यांच्याकडे सोपविता येत होते.

३. चौकातील प्रकाशाचे गणित

चौक ठेवला म्हणजे सर्व मजले उजळतील, ही समजूत बरोबर नाही. मागील उदाहरण पुढे नेऊन हे तपासता येईल. ६० मीटर चौरस इमारतीच्या मध्यभागी २० मीटर चौरस चौक ठेवला, तर सभोवार २० मीटर रुंदीचा पट्टा उरतो. त्याच्या बाहेरील १० मीटरांना खिडक्यांनी व आतील १० मीटरांना चौकाने प्रकाश द्यावा, अशी अपेक्षा. इमारतीस तळमजला धरून चार मजले, प्रत्येक मजल्याची उंची ५ मीटर, व २० मीटर उंचीवर काचेचे छत असे मानू. विक्रीच्या टेबलाची उंची ०.८ मीटर.

आता तळमजल्यावर चौकाच्या कडेपासून आत जाऊ लागल्यास काही अंतरानंतर डोक्यावरील सज्जाची कड व समोरच्या बाजूची भिंत यांच्यामध्ये आकाश दिसेनासे होते. हे अंतर तळमजल्यावर सुमारे ५.६ मीटर, पहिल्या मजल्यावर ८.४ मीटर व दुसऱ्या मजल्यावर १६.८ मीटर येते. म्हणजे अपेक्षित १० मीटरांची मर्यादा दुसरा मजला सहज पूर्ण करतो, पहिला मजला जवळजवळ पूर्ण करतो, आणि तळमजला तिच्या जेमतेम निम्म्यावर थांबतो. सर्वांत वरच्या मजल्यास स्वतःच्या छपरातूनच प्रकाश घेता येत असल्याने त्याचा प्रश्न वेगळा आहे. परंतु दुकानात सर्वाधिक वर्दळ असते ती तळमजल्यावर. सारांश, जेथे प्रकाशाची गरज अधिक तेथेच तो कमी पोचतो.

ह्यावर तीन उपाय संभवतात. तळमजल्याची उंची वाढविणे, हा त्यांतील सर्वांत परिणामकारक. वरील उदाहरणात केवळ तळमजला ५ ऐवजी ७ मीटर उंच केला, तर आकाशदर्शनाची मर्यादा ५.६ वरून सुमारे ८.३ मीटरवर जाते. दुसरा उपाय म्हणजे वरचे सज्जे क्रमाने मागे घेऊन चौक वरच्या बाजूस रुंदावत नेणे. तिसरा, चौकाच्या भिंती, सज्ज्यांच्या कडा व छताचा खालचा पृष्ठभाग फिका ठेवणे. कारण खोल भागात थेट आकाश दिसत नसले तरी परावर्तित प्रकाश पोचतो, व गडद लाकडी तावदाने आणि टांगलेल्या जाहिराती तो गिळून टाकतात. ह्या तिन्ही उपायांचा विचार इमारतीच्या उभ्या छेदाचे चित्र काढल्याविना करता येत नाही. मजल्याचा नकाशा आधी पक्का करून छत मागाहून सुचविण्याची प्रथा विक्रीगृहांच्या बाबतीत म्हणूनच हानिकारक ठरते.

४. मॉस्को : काचेच्या गल्ल्या

इमारत अरुंद पट्ट्यांत विभागण्याच्या दुसऱ्या मार्गाचे उत्तम उदाहरण मॉस्को येथील लाल चौकालगत आहे. १८९० ते १८९३ ह्या काळात बांधलेली 'वरची बाजारपेठ', जी आज 'गुम' ह्या नावाने ओळखली जाते, ती वास्तुशिल्पी अलेक्सांद्र पोमेरान्त्सेव्ह व अभियंता व्लादिमिर शुखोव्ह यांची कृती होय. सुमारे २५० मीटर लांबीच्या तीन समांतर गल्ल्या, त्यांच्या दुतर्फा मजल्यामजल्यांवर दुकाने, आणि गल्ल्यांवर लोखंडी कमानींनी तोललेली काचेची छते, अशी तिची रचना आहे. छतांत वीस हजारांहून अधिक काचा आहेत. शुखोव्हने कमानी जाड न करता बारीक ताणपट्ट्यांनी त्यांचा आकार स्थिर राखला. त्यामुळे बर्फाचा भार पेलूनही छत खालून जवळजवळ पारदर्शक भासते.

येथे कोणतेही दुकान गल्लीपासून फार दूर नाही, म्हणून चौकाच्या रचनेतील अंधारा मधला पट्टा उद्भवत नाही. ह्याची किंमत मोकळेपणात मोजावी लागते. अंतर्भाग अनेक गाळ्यांत विभागला जातो आणि एका नजरेत सर्व माल दिसण्याचा पॅरिसमधील प्रत्यय येत नाही. स्वतंत्र व्यापाऱ्यांच्या पेठेस ही रचना अनुरूप आहे. एकाच मालकाच्या विक्रीगृहास चौक अधिक सोयीचा. इमारतीचा इतिहासही बोधप्रद आहे. सोव्हिएत राजवटीत तिचा मोठा भाग कार्यालयांसाठी वापरला गेला, आणि १९५३ मध्ये ती पुन्हा दुकानांसाठी खुली झाली. दोन्ही उपयोगांना ती पुरी पडली, ह्याचे बरेचसे श्रेय प्रत्येक खोलीस उजेड देणाऱ्या ह्या रचनेस द्यावे लागेल.

५. चौक बुजविण्याचा काळ

चौकाची पहिली किंमत जागेच्या रूपाने द्यावी लागते. आपल्या उदाहरणातील २० मीटर चौरस चौक वरच्या प्रत्येक मजल्यावर ४०० चौरस मीटर, व तिन्ही मजल्यांवर मिळून १२०० चौरस मीटर विक्रीयोग्य जागा खातो. जोवर दिवे महाग, उष्ण व सदोष होते, तोवर व्यापाऱ्याने ही किंमत आनंदाने मोजली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा हिशेब पालटला. १९२४ मध्ये डेट्रॉइट येथील हडसन विक्रीगृहात वातानुकूलनाची यंत्रे बसली; १९३८ पासून प्रतिदीप्तीच्या नळीदिव्यांची विक्री सुरू झाली. तप्त तारेच्या दिव्यातून एका वॅटमागे १० ते १५ ल्यूमेन प्रकाश मिळतो. नळीदिव्याने तो कित्येक पटींनी वाढविला. खिडकी नको, चौक नको, भिंतभर कपाटे लावावीत व दिवसरात्र एकसारखा प्रकाश ठेवावा, असा विचार रूढ झाला. पॅरिसमधील अनेक विक्रीगृहांचे चौक मधोमध मजले घालून बुजविले गेले. 'गालरी लाफायेत'चा घुमट राहिला. परंतु त्याखालचा भव्य जिना १९७४ मध्ये काढून टाकण्यात आला.

अमेरिकेत १९५६ साली मिनेसोटा राज्यातील इडायना येथे व्हिक्टर ग्रूएन याने रचलेले 'साउथडेल' हे संपूर्ण बंदिस्त व वातानुकूलित विक्रीकेंद्र उघडले. त्याच्या मध्यभागी उंचावरील काचांतून प्रकाश घेणारा मोठा चौक होता. मात्र त्याच्या सभोवतालची दुकाने विजेच्या दिव्यांवरच चालत. प्रकाश मालासाठी नव्हे, तर फिरण्याच्या व विसाव्याच्या जागेसाठी आणलेला होता. आज जगभर, आणि भारतातील मोठ्या शहरांतही, जे मॉल दिसतात त्यांची रचना मुख्यतः ह्याच नमुन्यावर आहे. त्यांतील चौक उजळ असला तरी दुकानांत दिवसभर उभ्या असणाऱ्या कामगारांच्या वाट्यास तो उजेड क्वचितच येतो.

६. आग व धूर

चौकाची दुसरी किंमत अधिक गंभीर आहे. ज्या मार्गाने प्रकाश खाली उतरतो त्याच मार्गाने तप्त वायू व धूर वर चढतात, आणि चौकाभोवतीचे सज्जे उघडे असल्याने प्रत्येक मजल्यावर पसरतात. बेल्जियमची राजधानी ब्रुसेल्स येथे व्हिक्तोर ओर्ता याने १९०१ मध्ये उभारलेले 'इनोव्हासिओं' हे विक्रीगृह लोखंड व काच यांच्या मोकळ्या रचनेसाठी नावाजलेले होते. २२ मे १९६७ रोजी दुपारच्या वेळी तेथे आग लागली व अडीचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. इमारतीत आपोआप पाण्याचे फवारे सोडणारी यंत्रणा नव्हती. उघड्या चौकामुळे आग फार थोड्या वेळात सर्व मजल्यांवर पोचली.

ह्या दुर्घटनेचा निष्कर्ष चौक ठेवूच नये असा काढणे योग्य नाही. चौक ठेवावयाचा तर त्याच्या जबाबदाऱ्या स्वीकाराव्यात, असा काढणे योग्य होय. आज अशा इमारतींत चौकाच्या माथ्यावर धूर साठण्यासाठी पुरेशी उंची राखली जाते, तेथील झडपा वा पंखे आगीच्या सूचनेबरोबर सुरू होऊन धूर बाहेर टाकतात, सज्ज्यांच्या कडेस धूर अडविणारे पडदे उतरतात, सर्व मजल्यांवर फवारे असतात, आणि सुटकेचे जिने चौकापासून दूर, बंद भिंतींच्या आत ठेवले जातात. पॅरिसच्या विक्रीगृहांचा भव्य मधला जिना नेमका येथेच सदोष ठरतो. ग्राहकास परिचित असलेली एकमेव वाट तीच, आणि आगीच्या प्रसंगी धुराने प्रथम भरणारी वाटही तीच. सुटकेचे जिने नित्याच्या वापरात आणल्याविना संकटकाळी लोक तिकडे वळत नाहीत, हेही रचनाकाराने ध्यानात घ्यावयास हवे.

७. प्रकाशाने विक्री वाढते काय?

गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत दिवसाच्या प्रकाशाचा पक्ष पुन्हा मांडला जाऊ लागला, तो प्रथम वीजबचतीसाठी. १९९३ मध्ये कॅन्झस राज्यातील लॉरेन्स येथे वॉलमार्ट कंपनीने आपल्या एका दुकानाच्या केवळ अर्ध्या भागावर छतझरोके बसविले. त्या भागातील विक्री इतर दुकानांतील त्याच विभागांच्या तुलनेने चांगली झाल्याचे पुढे प्रसिद्ध झाले. १९९९ मध्ये हेशाँग महोन ह्या संस्थेने एका दुकानसमूहाच्या १०८ दुकानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश दुकानांना छतझरोके होते. इतर सर्व गोष्टी समान धरल्यास झरोके असलेल्या दुकानांची विक्री ४० टक्क्यांनी अधिक असावी, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता.

ह्या आकड्याचा पुढे फार गाजावाजा झाला. त्याच संस्थेने २००३ मध्ये दुसऱ्या एका दुकानसमूहाच्या ७३ दुकानांचा जो अभ्यास केला, त्यात मात्र सरासरी परिणाम शून्य ते ६ टक्के इतकाच आढळला. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले म्हणजे असे म्हणता येते की प्रकाशाचा परिणाम असू शकतो. परंतु तो मालाचा प्रकार, प्रकाशाची प्रत, दुकानाची जागा इत्यादी अनेक गोष्टींत मिसळलेला असतो. ४० टक्क्यांच्या आशेवर इमारत रचणे शास्त्रीय दृष्टीस धरून नाही. दिवसाच्या प्रकाशाचे समर्थन करावयाचे तर ते रंगदर्शन, कामगारांचे स्वास्थ्य, दिशांचे भान आणि वीज गेल्यावरही इमारतीतून बाहेर पडता येणे, ह्या अधिक भक्कम कारणांवर करावे.

८. उष्ण प्रदेशातील प्रश्न

आतापर्यंतची उदाहरणे थंड प्रदेशांतील आहेत. पॅरिसमध्ये डिसेंबरच्या अखेरीस मध्याह्नीचा सूर्य क्षितिजापासून केवळ १८ अंशांवर असतो. मुंबईत त्याच दिवशी तो सुमारे ४७ अंशांवर असतो, आणि मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस तर थेट डोक्यावर येतो. म्हणून पॅरिसचे आडवे काचछत मुंबईत जसेच्या तसे आणणे म्हणजे प्रकाशापेक्षा ऊन अधिक आणणे होय. एप्रिलमधील निरभ्र दुपारी आडव्या पृष्ठभागावर चौरस मीटरमागे सुमारे ९०० वॅट इतकी सौर ऊर्जा पडते. १०० चौरस मीटरच्या साध्या काचछतातून त्यातील सुमारे ७० किलोवॅट आत येतील, आणि तेवढी उष्णता काढून टाकण्यास सुमारे २० टन क्षमतेचे शीतनयंत्र लागेल. मग छत आतून कापड लावून झाकावे लागते, व ज्यासाठी ते बांधले तो हेतूच नष्ट होतो.

वस्तुतः इतक्या प्रकाशाची गरजही नसते. भारतीय मानक २४४० मध्ये रचनेसाठी आकाशाचा प्रकाश ८००० लक्स धरला आहे. त्याचा ४ टक्के भाग आत पोचला तरी ३२० लक्स, म्हणजे सर्वसामान्य विक्रीस पुरेसा प्रकाश, मिळतो. भर उन्हात बाहेर याच्या दहापटींहून अधिक प्रकाश असतो. तेव्हा उष्ण प्रदेशात प्रश्न प्रकाश मिळविण्याचा नसून ऊन वगळून आकाशाचा प्रकाश निवडण्याचा आहे. आकाशाचा पसरलेला प्रकाश एका वॅट उष्णतेमागे सुमारे १२० ल्यूमेन देतो. तप्त तारेच्या दिव्याशी तुलना करता हा लाभ प्रचंड होता. आजचे चांगले एलईडी दिवे मात्र त्याच्या बरोबरीस आले आहेत. म्हणून गरजेपेक्षा अधिक आणलेला प्रत्येक ल्यूमेन आज तोट्याचाच ठरतो.

उत्तरेकडे तोंड केलेली उभी काच हा ह्यावरील रूढ उपाय आहे. इंग्लंडमधील गिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरे ह्याच तत्त्वावर बांधलेली असत. परंतु मुंबईच्या अक्षांशावर हा उपायही तपासून घ्यावा लागतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य येथे दिवसभर उत्तरेच्याच बाजूस असतो. २१ जूनला तो पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेस उगवतो. पावसाळी ढगांमुळे ह्यातील बराच काळ ऊन नसते. उरतात ते पावसापूर्वीचे तीन-चार आठवडे. तेवढ्यासाठी मध्याह्नीच्या उन्हास लहान आडवे छज्जे व सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हास उभ्या फळ्या पुरतात. उभी काच धुळीने लवकर माखत नाही, तिच्यावर पावसाचे पाणी साचत नाही व ती पुसणे सोपे जाते, हे तिचे आणखी गुण होत. पावसाळ्यात चार महिने टिकाव धरणे ही येथील छताची खरी कसोटी आहे.

ह्या संदर्भात मंडयांचा तिसरा मार्ग लक्ष वेधून घेतो. मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट, म्हणजेच आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, १८६९ मध्ये विल्यम इमर्सन यांच्या आराखड्यानुसार पूर्ण झाले. तेथे विक्री उंच छपराखाली होते व प्रकाश सुमारे १५ मीटर उंचीवरून येतो. छप्पर इतके उंच असल्याने तापलेली हवा माणसांच्या पातळीच्या वर राहते आणि वरच्या उघड्या भागांतून निघून जाते. पुण्यात १८८६ साली उघडलेली रे मार्केट ही मंडई मध्ये अष्टकोनी मनोरा व त्यापासून फाकणाऱ्या भुजा अशा आकृतीवर रचलेली आहे. भुजा अरुंद असल्याने दोन्ही बाजूंनी उजेड व वारा मिळतो. म्हणजे अरुंद पट्टा व उंच छप्पर ह्या दोन मार्गांचा येथे संयोग झाला आहे. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना ज्योतिराव फुले यांनी ह्या इमारतीवरील खर्चास विरोध करून तो पैसा शिक्षणाकडे वळवावा असे मत मांडले होते, आणि पुढे त्याच मंडईस त्यांचे नाव देण्यात आले. मोकळ्या व उजळ इमारतीची किंमत कोणी तरी भरत असतेच, ह्याची ती आठवण आहे.

मंडईची रचना बहुमजली, वातानुकूलित विक्रीगृहास जशीच्या तशी लागू पडणार नाही. परंतु तिच्यातील तीन गोष्टी आजही ग्राह्य आहेत : प्रकाश उंचावरून व सावलीतून घेणे, प्रकाशाच्या वाटेनेच तापलेली हवा बाहेर काढणे, आणि कोणताही गाळा उजेडापासून फार दूर न ठेवणे.

९. उपसंहार

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. विक्रीगृहाच्या मध्यभागी प्रकाश आणण्यासाठी ठेवावयाची पोकळी ही शोभेची बाब नसून तिचा हिशेब प्रारंभीच, इमारतीच्या उभ्या छेदात, मांडावयास हवा. चौक किती रुंद, तळमजला किती उंच व सज्जे किती मागे, ह्यांवर खालच्या मजल्यांचा प्रकाश ठरतो. त्याच छेदात धुराची वाट व सुटकेची वाट दाखविता आली पाहिजे. ती दाखविता येत नसेल तर चौक लहान करावा किंवा सोडून द्यावा. उष्ण प्रदेशात काचेचे क्षेत्र गरजेपुरते व उभे ठेवून थेट ऊन वगळावे. आणि उजेड केवळ फिरणाऱ्या ग्राहकासाठी न आणता, आठ-दहा तास तेथे उभे राहून काम करणाऱ्या माणसापर्यंत तो पोचतो किंवा नाही, हे प्रत्येक मजल्यावर मोजून पाहावे. आराखडा तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनीही मजल्यांच्या नकाशांबरोबर चौकाचा छेद व प्रत्येक मजल्यावरील प्रकाशाचे मोजमाप मागविण्याचा परिपाठ ठेविल्यास ह्यांपैकी बरेच दोष इमारत उभी राहण्यापूर्वीच टाळता येतील.